शेळीशेजारची मुलगी

डावीकडून उजवीकडे

दारातून आत आलं की डाव्या हाताला ढग. त्याने टोपी घातली आहे आणि ती घसरते आहे. मग घड्याळबुवा, पोट सुटलेले, काट्यांच्या जागी मिशा. मग एका छत्रीखाली पाच बेडूक. पाचव्याचं अर्धं अंग बाहेर, कारण तिथे खिडकी येते. खिडकीनंतर एक शेळी, तिच्या तोंडात पाटीचा तुकडा. आणि शेळीचा कान धरून उभी असलेली एक मुलगी. दोन लाल रिबिनी, त्यातली एक सुटलेली. मग फळा.

शेळीच्या डोक्यावर ओळी आहेत:

शेळीबाई शेळीबाई, शाळेला चला,
पाटी खाल्ली तर रागवीन तुम्हाला.

गाण्यात मुलगी नाही. गाण्यात फक्त कुणीतरी शेळीशी बोलतंय. माझ्या बाबांनी ते कुणीतरी रंगवलं.

सगळी चित्रं माझ्या कंबरेच्या खाली आहेत. ज्यांच्यासाठी काढली ते तेवढेच उंच असायचे. बाबांनी ती गुडघ्यांवर बसून काढली, एकोणचाळीस वर्षांपूर्वी, शाळेच्या सुट्टीत. सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात माझी ताई गेली होती. ताप, तीन दिवस. ती सहा वर्षांची, मी तीन. काम आधीच ठरलं होतं, म्हणून बाबा कामावर गेले. ढग, घड्याळ, बेडूक ठरल्याप्रमाणे झाले. खिडकीनंतर नुसती शेळी ठरली होती.

सोमवार ते शुक्रवार एवढ्या मुदतीत मला ही भिंत पांढरी करायची आहे.

पांढरी का

"पेंटर, इथे मोठा स्क्रीन येणार," मोठ्या बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिका आहेत, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण शाळेत त्या मोठ्याच. "चित्रांमुळे मुलांचं लक्ष उडतं."

"आमचं कधी उडालं नाही, बाई."

"म्हणून तर—" त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या डब्याकडे बघून गप्प झाल्या.

मी हसलो. पेंटरचं पोर पेंटर झालं, त्यात ढगाचा काय दोष.

काम दुसऱ्या कुणाला मिळालं असतं. मीच मागून घेतलं. दुसऱ्याने रोलर फिरवला असता आणि दुपारी डबा खायला बसला असता.

त्या चार भिंतींत मी बसून पाहिलं. बाक माझ्या नडगीएवढे आहेत. बसलो तर गुडघे हनुवटीला लागले. खुंट्या तशाच, प्रत्येक खुंटीवर एक चित्र, कारण त्या वयात नाव वाचता येत नाही. माझी खुंटी किल्लीची होती. मी शर्ट काढून किल्लीवरच टांगला. ओल्या पाटीचा आणि रबरी बुटांचा वास अजून कोपऱ्यात आहे, म्हणजे पाट्या जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. चार वर्षांचा असताना मी मुद्दाम खिडकीजवळ बसायचो. सगळ्यांना घरी ताई असतात, माझी वर्गात आहे, असं मी एकदा शेजारच्याला सांगितलं. त्याने तिच्या गालाला शेंबूड पुसला. मी त्याला चावलो.

ताईचा एकही फोटो नाही. एक आहे, सहा महिन्यांची असतानाचा, टकलू. त्या वयात सगळेच टकलू सारखे. वर्गाचा फोटो काढला त्या दिवशी तिला ताप भरला होता.

म्हणून ताई आठव असं मला कुणी म्हटलं की मला आठवते ती शेळीचा कान धरलेली. जिवंत ताई मला आठवत नाही. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

ही कोण

आई त्या शाळेत कधी गेली नाही. बाबांनी भिंत पूर्ण केली त्या संध्याकाळी तिला म्हणाले, चल, बघून घे एकदा. ती म्हणाली, भिंतीवर काढून पोर परत येते का? शाळा दोन गल्ल्यांवर. आई बाजारात जाताना तिसऱ्या गल्लीने जायची. मला शाळेत सोडायला शेजारची काकू यायची. चार वर्षांनी बाबाही गेले, साध्या खोकल्याने, आणि ते सारखं 'बघून घे' म्हणायचे तेही थांबलं.

यंदा भिंत पांढरी होणार हे मी जेवताना सांगितलं. आई शेंगा सोलत होती. तिने तीन शेंगा सोलल्या.

"तिचा एक फोटो काढून आण."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणे. माझ्या आजीचा."

सोमवारी मी फोटो काढला. फक्त चेहऱ्याचा, अगदी जवळून. स्टुडिओत जाऊन वहीच्या पानाएवढा छापून घेतला. आईने चष्मा पुसला, खिडकीकडे गेली, कागद उजेडात धरला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली, जणू खरं चित्र तिकडे असेल.

"ही कोण?"

"ताई."

"नाही."

"आई, बाबांनी काढलेली आहे."

"रिबीन तिची आहे. पोरगी कोण ते मला माहीत नाही." कागद तिने माझ्या हातात दिला. "तिचं कपाळ केवढं होतं. मैदान म्हणायचे तुझे बाबा. आणि एक भुवई वर. ही, डावी. काही सांगितलं की असं बघायची, म्हणजे मीच खोटी."

"बाबांना चेहरे नसतील जमत. ते पाट्या रंगवणारे."

"त्यांना जमलं होतं. मला म्हणाले होते, भुवईसुद्धा जमली."

"आणि तू बघायला गेली नाहीस."

मी हे बोलायला नको होतं. आई परत शेंगांकडे गेली. सगळ्या सोलून झाल्या होत्या. ती सालं निवडत बसली.

मला वाटलं, म्हातारपण. एकोणचाळीस वर्षांत भुवई हलते. कपाळ वाढतं. मेलेल्या माणसाचं डोकं आपण रोज थोडं थोडं नवं करतो. असं सगळं मी स्वतःला रात्रभर समजावलं, आणि मंगळवारी सकाळी पायरीवर घंटा-मावशी भेटली.

पायरीवर

घंटा-मावशी ही शाळेची जुनी सेविका. घंटा वाजवायची, पोरांची नाकं पुसायची, पाणी भरायची. बाबांनी भिंत रंगवली त्याच वर्षी लागली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रोज सकाळी येऊन पायरीवर बसते. हाकलायला गेलेल्या शिपायाला म्हणाली होती, तुझी चड्डी मी बदललीय.

"मावशी, शेळीजवळच्या मुलीला कुणी हात लावला होता का?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांनी. रांगेत उभं केलं की बरोबर हाताशी तेच तोंड. हात धुऊन यायचे नि तिच्या नाकाला पुसायचे."

"तसं नाही. रंगाचा हात."

"मग तेच सांगतेय ना, लहान्या. दरवर्षी तिचं तोंड जायचं. शाळा उघडायच्या आधी मी नवं काढायची. दारं-खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट असायचा डब्याच्या तळाला."

"तू?"

"मग काय तू? बिनतोंडाची पोरगी बघून नवी पोरं भोकाड पसरायची. एकाचं सुरू झालं की बाराजणांचं. ते आवरायचं कोणी, मोठ्या बाईंनी?"

"पहिल्यांदा कधी काढलंस?"

"पहिल्याच सुट्टीत. तू यायच्या आधी."

म्हणजे मी चार वर्षांचा होऊन त्या खिडकीजवळ बसलो तेव्हाच ती बाबांची नव्हती. मी ज्याला चावलो त्याने मावशीच्या चित्राला शेंबूड पुसला होता.

"कुणासारखं काढायचीस?"

"मला कुठे काढता येतं? त्या वर्षी जी पोर डोळ्यांसमोर असेल तिच्यासारखं. एकदा भाचीसारखं. एकदा त्या दुकानदाराची होती बघ, गोल तोंडाची. तुझ्या पोरीसारखंसुद्धा काढलं होतं. ती वर्गात होती त्या वर्षी. तू न्यायला यायचास नि खिडकीशी उभा राहून दोघींकडे बघायचास. मला वाटलं, ओळखलंस. एका शब्दाने बोलला नाहीस."

मी ओळखलं होतं. मी जगभर सांगत सुटलो होतो. माझी मुलगी ताईवर गेलीय, डिट्टो आत्या, विश्वास नसेल तर भिंत बघून या. बायकोला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं. आईलाही सांगितलं. आई तेव्हा नातीची वेणी घालत होती. तिने नातीची हनुवटी धरून तोंड वर केलं, बघितलं आणि पुन्हा वेणी घालायला लागली.

"मावशी, ती माझी बहीण होती."

"कोण?"

"शेळीजवळची."

मावशीने पायरीवरचा एक खडा उचलला आणि खालच्या पायरीवर ठेवला.

"मला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "मला वाटलं, शेळीची मालकीण."

खाली

भिंत खरवडायची तर वरून खाली जायचं असतं. इथे वरून आत जायचं होतं.

बाकीच्या भिंतीला मी हात लावला नाही. बाकावर उशी ठेवली, तिच्यावर गुडघे. हातात सगळ्यात बारीक पाती.

सगळ्यात वर: डोळे वाटोळे, पापण्या काट्यांसारख्या. फोटोतली हीच. आई म्हणाली ही कोण. कोण जाणे कोण. निघाली.

तिच्याखाली: तपकिरी. दरवाजांना तपकिरी लावला होता ते वर्ष. ओठ दरवाजाचे.

मग आणखी सात-आठ तोंडं. त्यांच्याखाली: हनुवटीला खळी.
माझी मुलगी.
पाती थांबली. ती आता सतरा वर्षांची आहे, दुसऱ्या गावात शिकते, फोनवर "हं बाबा, ठीक बाबा" एवढंच बोलते. तिला काही होत नाहीये, हा रंग आहे, असं मी मोठ्याने म्हणालो. मग खळीच्या कडेखाली पाती घातली.

तिच्याखाली: गोल तोंड.

तिच्याखाली: हसणारी. दात मोजून सहा.

तिच्याखाली निळा, का निळा माहीत नाही. त्या वर्षी मावशीला दुसरा रंग मिळाला नसेल. निळ्या तोंडाच्या मुलीजवळ बसून पोरांनी वर्षभर शेळीचं गाणं म्हटलं.

तिच्याखाली, तिच्याखाली. मी मोजणं सोडून दिलं. नखाच्या तुकड्यांसारखे पापुद्रे बाकावर पडत होते. एरवी इतकं सहज सुटत नाही. डिस्टेंपरवर ऑइलपेंट नीट धरत नाही. मावशीला हे ठाऊक नव्हतं, आणि ते बरं झालं. मंगळवार गेला. बुधवार गेला. मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, पेंटर, या वेगाने स्क्रीनची वॉरंटी संपेल. मी म्हणालो, ओल आहे बाई, ओलीला घाई चालत नाही. ओल कुठेच नव्हती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला पाती खडूसारख्या कशावर तरी गेली. आवाज बदलला. ऑइलपेंट करकरतो. हे कुजबुजलं.

बाबा डिस्टेंपर घरी करायचे. खडूची पूड, रंग, आणि चुलीवर वितळवलेला सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक. सरसाचा वास घरभर व्हायचा. आई दारं उघडून ओरडायची, जनावर शिजवताय की भिंत? गालांच्या रंगासाठी ते विटेची पूड मिसळायचे, हे मला आईनेच सांगितलं आहे. मी पाहिलेलं नाही. पण पातीच्या टोकावर आता विटेची पूड होती.

मी श्वास नाकाने घेतला, तोंडाने नाही, फुंकर बसेल म्हणून.

आधी कानाची पाळी दिसली. मग रिबिनीची गाठ, बाबांची, मावशीने न शिवलेली. मग कपाळ. कपाळ, कपाळ, पाती सरकत गेली तरी कपाळ संपेना. मैदान. नाक नव्हतंच, ते पहिल्याच वर्षी पोरांनी नेलं असणार. गालही अर्धेच. पण हात पुसणारं पोर नाका-गालापाशीच थांबतं, कपाळापर्यंत जात नाही.

डावी भुवई.

वर होती. काही सांगितलं की अशी बघायची. मी बाकावर गुडघे टेकून, उघड्या अंगाने, बेचाळीस वर्षांचा, आणि ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे मीच खोटा.

डावा डोळा अजून पापुद्र्याखाली होता. तेवढा मोकळा झाला की फोटो. फोन शर्टाच्या खिशात, शर्ट किल्लीच्या खुंटीवर. उठून गेलं तर सहा पावलं. डोळ्याच्या कडेला पाती लावली, पापुद्रा आला, अख्खा, एका तुकड्यात. डोळा धुळीखाली होता. पांढरी बारीक धूळ.

हात

भिंत खरवडली की धूळ बसते.
धुळीवर रंग धरत नाही.
म्हणून खरवडलं की लगेच ओला स्पंज. मग बाकी सगळं.

हे मला बाबांनी शिकवलं नाही, मी सात वर्षांचा होतो ते गेले तेव्हा. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांना बाबांनी शिकवलं होतं. विचार करायचा नाही, म्हणायचे मिस्त्री, विचार करणाऱ्याची भिंत सुटते. चोवीस वर्षं मी विचार केलेला नाही. पाती खाली, स्पंज वर. एवढ्या वर्षांत लाखभर वेळा झालं असेल. त्या हाताला विचारलं तर तो म्हणेल, मी काय वेगळं केलं?

एक हात मारला.

सरसाचा डिस्टेंपर पाण्याने जातो. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मला माहीत होतं, हाताला नाही.

दुसरा हात पहिल्याचं निस्तरायला मारला.

मग मी स्पंज धरून बसलो. भिंतीवरून विटकरी ओघळ शेळीच्या पाठीवर उतरला, तिथून पाटीवर, तिथून जमिनीवर. कपाळ-भुवईच्या जागी चुन्याचा गिलावा दिसायला लागला, करडा, थोडा खरबरीत. डोळा कसा होता ते मी पाहिलं नाही. धुळीखाली होता, मग नव्हता.

दारातून घंटा-मावशी डोकावली.

"दिसली का रे?"

"हो."

"मग?"

मी बाजूला झालो. ती आत आली, वाकली, एक हात गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"काढून देऊ का?" ती म्हणाली. "रंग असेल तर."

पांढरा

शुक्रवारी पहिला हात:

शेळीबाई शेळीबाई, शाळेला

दुसरा हात:

शेळीबाई

कोपऱ्यात रोलर पोचत नाही, तिथे ब्रशने:

शे

नळ

घरी आलो तर आई दारातच होती. ती नेहमीच असते. बाबा कामावरून आले की त्यांची पिशवी घ्यायची, नळापाशी पाटावर बसायची, ब्रश, पाती, फडकी एकेक धुऊन वाळत घालायची. बाबा गेल्यावर अकरा वर्षं तिला धुवायला काही नव्हतं. मग मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी मी माझे ब्रश स्वतः धुवायला घेतले तर माझ्या हातावर चापट मारली होती तिने. तुला काय कळतंय, केस वाकडे करशील.

गुरुवारी मी पिशवी शाळेतच ठेवून आलो होतो. आज आणावी लागली.

"झाली भिंत?"

"झाली."

"आणि फोटो?"

मी चपला काढत होतो. चपलांना बंद नव्हते तरी मी वाकून राहिलो.

आई नळापाशी बसली. रोलर धुतला. ब्रश धुतले, बोटांनी केस सरळ केले. पाती पुसली. मग पिशवीच्या तळातून स्पंज निघाला, कडक झालेला, एका बाजूने विटकरी. तिने तो नळाखाली धरला. पाणी शिरलं तसा तो फुगला, मऊ झाला आणि वास सुटला.

आईने नळ बंद केला.

मी उभा होतो. शेजारच्यांच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

"सरस," ती म्हणाली.

मी चपला भिंतीशी सरकवल्या.

"पाणी मारलंस."

"हो."

"बापासारखाच." तिने मान वर केली नाही. "एकदा असंच करून बसले होते. दुकानाची पाटी, चार दिवसांचं काम. भिंत दिसली की पाणी." तिने स्पंज उलटा केला. "किती दिसली?"

"कपाळ. आणि भुवई."

"कुठली?"

"डावी."

"वर होती?"

"वर होती."

स्पंजातून तिच्या मनगटावर ओघळ आला होता, गालाच्या रंगाचा. कोपरापर्यंत गेला. तिने तो पुसला नाही. मला वाटलं, आता ती स्पंज बाजूला ठेवील. वाटीत ठेवील, फडक्यात गुंडाळील. मी वाटी आणायला आत वळलोसुद्धा.

"असाच ठेवला तर उद्या दगड होतो," आई म्हणाली आणि तिने नळ सोडला.

दाबला, सोडला. दाबला, सोडला. पाणी स्वच्छ यायला बराच वेळ लागला.